दहा बाय दहाची दोरी

माझ्या उजव्या कोपराला जुनी दुखापत आहे, असं मी लोकांना सांगतो. दुखापत वगैरे काही नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी बाईंनी तिथं लाकडी पट्टी हाणली होती, तीही फार जोरात नव्हे. पण चोवीस वर्षांचा, डी.एड.ला पहिला आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसलो होतो आणि आठ माणसं बघत होती. अशा वेळी पट्टी कोपराला कमी आणि दुसरीकडंच जास्त लागते.

"कोपरं आत!" बाई म्हणाल्या.

मी वर बघितलं. ठेंगणी, काटक बाई. फिकट नायलॉनची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, चष्म्याच्या काड्यांना मागून बांधलेला पांढरा दोरा. खोलीत खुर्च्या सहा आणि शिक्षक नऊ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी टेबलावर दोन्ही कोपरं पसरून, आमच्या घरच्या ओट्यावर बसावं तसा बसलो होतो.

"सर, हे सोलापूर हाय, तुमचं शेत न्हाय. कोपरं आत घ्या की. मलाबी भाकरी खायची हाय."

मी कोपरं आत घेतली. ती अजून पुरती आत गेलेली नाहीत, हे पुढं तुमच्या ध्यानात येईलच.

मी करकंबचा. आमचं घर गावाबाहेर रानात. शेजारी म्हणजे ज्याला हाक मारल्यावर उत्तराची वाट बघत एक विडी ओढून होते तो माणूस. आबा, म्हणजे माझे वडील, सकाळी तोंड धुताना खाकरले की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहतात. त्यांचा तो गळा आणि बांधावरून टाकायची लांब ढांग, एवढ्या दोन गोष्टी मी त्यांच्याकडून घेतल्या आणि थेट सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात येऊन राहिलो. बोळ असा, की समोरून मोटारसायकल आली तर आपण कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, आणि दारातल्या माणसानं तोवर आपल्याला चहा विचारायचा. खाली टॉवेलचे लूम, वर घरं, त्याच्यावर पुन्हा पत्र्याच्या खोल्या. त्यातली एक माझी.

शाळाही तिथंच, दोन बोळ सोडून. बाई चौथीचा वर्ग घ्यायच्या. किती वर्षं, ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही, पण त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या आयासुद्धा त्यांच्याच हाताखालून गेलेल्या होत्या. त्यांना तेलुगू, कन्नड, दखनी सगळं यायचं. एकाच दमात "इकडं ये, इक्कड रा, बा इल्ली, इधर आव" म्हणायच्या आणि चार कोपऱ्यांतून चार पोरं यायची. बोळातून त्या एक खांदा पुढं काढून तिरक्या चालायच्या. मोकळ्या मैदानातही तशाच चालायच्या. उन्हात छत्री घेऊन निघायच्या, पण उघडायच्या नाहीत. उघडी छत्री म्हणजे तीन माणसांची जागा, असा त्यांचा हिशेब. आणि खुर्चीवर नेहमी अर्ध्यावरच बसायच्या. खोली रिकामी असली तरी अर्ध्यावरच. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कोण येईल सांगता येतं का?"

चौथीला शहरातल्या जीवनावर एक धडा होता. धड्यासोबत रंगीत चित्र. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, उंच इमारती, आणि रस्त्याच्या कडेनं फुगा घेऊन चाललेला एकटाच मुलगा. बाई हे चित्र वर्गाला दाखवायच्या आणि विचारायच्या, "पोरांनो, हे कुठलं गाव?"

"म्हाईत न्हाय बाई!"

"मलाबी म्हाईत न्हाय. मिटा पुस्तक."

मग त्या पिशवीतून दोरी काढायच्या. कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी. तिला चार गाठी. चार गाठींवर चार पोरं धरून उभी राहिली की फरशीवर चौकोन व्हायचा, दहा फूट बाय दहा फूट. "हे घर," बाई म्हणायच्या. त्यात नऊ पोरं घालायच्या. एक आजा, एक आजी, आई, बाप, काका, काकू आणि तीन लेकरं. दप्तरांची पिंपं करायची, कारण पाणी चार दिवसांनी येणार, ते भरून ठेवायला नको का? डस्टरची शेगडी. आईला विड्या वळायला सूप घेऊन बसायला जागा. एका लेकराची उद्या परीक्षा. बाकीचा वर्ग दोरीच्या बाहेर बसायचा, त्यांना 'शेजारी' म्हणायचं.

"आता झोपा," बाई म्हणायच्या.

इथं खरा तास सुरू व्हायचा. आजा खोकतो, त्याला दाराजवळ घ्यायचा, म्हणजे त्याला उठून बाहेर जाता येतं. पण दाराजवळ तर काका, तो उशिरा येतो. मग काकाला कुणी ओलांडायचं? काकूला साडी बदलायची असली तर बाकीच्यांनी काय करायचं? पोरं न सांगता भिंतीकडं तोंड करायची. पाहुणा आला तर? एक पोरगी पटकन उठून दोरीबाहेर जाऊन बसली. "मी कट्ट्यावर जाते बाई. पावना जेवल्यावर येते." कुणीही हसलं नाही. मी दारात उभा राहून बघत होतो, मला मात्र हसू आलं. मला वाटलं, काय हा पोरखेळ. ह्या मुलांना मोठं जग दाखवायचं सोडून ही बाई त्यांना त्यांचंच घर दाखवतेय.

म्हणून मी मोठं जग दाखवायचं ठरवलं. माझ्याकडं तिसरीचा वर्ग होता. थर्मोकोलचं 'आदर्श शहर' बनवायला मला तीन रविवार लागले. वीस मजली इमारती, त्यांना काचेसारखा चमकी कागद, मधून मेट्रो, कडेला कापसाची झाडं. कारंजंसुद्धा होतं. आसपासच्या वर्गांनाही मी बघायला बोलावलं, म्हणजे मुख्य हेतू तोच होता. चौथीची पोरं आली, बाई मागं उभ्या राहिल्या, पोरांनी वाकून वाकून बघितलं. मग लावण्यानं हात वर केला. ही लावण्या माझ्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहायची. तिचे वडील खालच्याच लूमवर टॉवेल विणायचे आणि आई विड्या वळायची.

"सर, ह्याच्यात पाणी कवा येतं?"

"रोज. चोवीस तास," मी म्हणालो.

"इसाव्या मजल्यावर घागर कोन नेतं?"

"लिफ्टनं..." म्हणेपर्यंत दुसऱ्यानं विचारलं, "आनि लाइट गेल्यावर?" तिसऱ्याला कपडे कुठं वाळत घालतात ते हवं होतं. चौथा म्हणाला, "सर, तुमच्या शहरात मानसंच न्हाईत की." मी घाईघाईनं खडूचे चार तुकडे रस्त्यावर उभे केले आणि तीच माणसं म्हणून सांगितलं. जाताना बाईंनी खडूचे चार तुकडे जवळजवळ आणून ठेवले, आणि बाहेर पडल्या. तो अपमान मला पट्टीपेक्षा जास्त लागला. आज मला वाटतं की त्या नुसत्या व्यवस्थित माणूस होत्या, पण तेव्हा मला असं वाटण्याची सोय नव्हती.

दोरीच्या तासापेक्षा त्यांचा आणखी एक तास चमत्कारिक होता. त्याला पोरं 'न ऐकायचा तास' म्हणायची. अर्धा वर्ग भिंतीकडं तोंड करून बसायचा. उरलेला अर्धा मागं संसार करायचा. नवराबायकोचं भांडण, पोराला मार, सासूचं रडणं, काकाचं घोरणं, सगळं मोठ्यांदा. पोरं हे इतकं झकास करायची की मला प्रश्न पडायचा, कुणाच्या घरचं कुणाला पाठ आहे. पाच मिनिटांनी बाई भिंतीकडच्या पोरांना विचारायच्या, "काय ऐकलं?"

"काय न्हाय बाई!"

"शाब्बास. एका भिंतीत दोन घरं असली की समोरच्याची अब्रू आपल्या कानात असती. तोंडावाटं भाईर येऊ द्यायची न्हाय."

पण तास तिथं संपायचा नाही. मग त्या मागच्यांतल्या एखाद्याला खूण करून गप्प करायच्या, बाकीचे चालूच. आणि भिंतीकडच्यांनी सांगायचं, कुणाचा आवाज बंद झाला. ज्याला ओळखता येईल त्यानं उठून जाऊन त्याला हात लावायचा आणि विचारायचं, "काय झालं?"

"आवाज आला तर कान मिटायचे," बाई म्हणायच्या. "आवाज न्हाय आला तर उघडायचे. ध्यानात राहील का?"

पोरं एका सुरात हो म्हणायची. माझ्या ध्यानात राहायचं काही कारणच नव्हतं, मी तेव्हा मोबाइलवर शिष्यवृत्ती परीक्षेचे प्रश्नसंच उतरवत होतो.

आता मी लिहिलेल्या एका टिपणाबद्दल. सांगायला लाज वाटते, पण सांगायला बसलोच आहे तर सांगतो. एका पालकानं येऊन तक्रार केली की पोरगा घरी पुस्तक उघडत नाही, उलट आजोबांचं अंथरूण कुठं घालायचं ते शिकवतो. आमचे हेडसर भला माणूस, पण कागदाला घाबरणारा. संस्थेला चौथीच्या शिष्यवृत्तीचा निकाल हवा होता. हेडसरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही नव्या पद्धतीचे. बाईंच्या अध्यापनावर एक छोटं टिपण द्या. संस्थेकडं पाठवायचंय."

त्यांनी छोटं मागितलं, मी तीन पानी दिलं. रात्र न जागता, भर दुपारी, शुद्धीवर असताना लिहिलं. 'अध्ययन निष्पत्ती साध्य होत नाहीत', 'बोधात्मक विकासास पूरक नाही', 'दोरीचा वापर सुरक्षिततेच्या दृष्टीने आक्षेपार्ह' असलं त्यात होतं. या टिपणानं काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. बाईंच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. वर्ग काढून घेतला की त्या ते वर्ष तांदळाच्या खोलीत, पोषण आहाराच्या वह्या लिहीत काढणार. चौथी मग कुणाकडं जाणार हे हेडसर बोलले नव्हते, पण माझ्याकडं बघून हसले होते. मी खाली ठसठशीत सही केली. माझी सही चांगली आहे, सगळे म्हणतात.

हे झालं मार्चअखेर. एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. माझी खोली पत्र्याची. एका शनिवारी संध्याकाळी मी कुठल्याशा गाड्यावर दोन ग्लास आंब्याचा रस प्यालो, कारण एक ग्लास पिणं आमच्या घराण्यात बसत नाही. त्यानंतरचं वर्णन करत नाही. रविवार उजाडला तेव्हा अंगातलं सगळं पाणी गेलं होतं, पाय उचलत नव्हते आणि घशातून आवाज निघत नव्हता. दार आतून बंद. शाळेला सुट्टी. गावाकडं आबा म्हणणार, पोरगं कामात असेल. सोमवारी पहिल्या तासाला मी आलो नाही की कुणीतरी विचारेल, असा मी विचार केला, आणि सोमवार मला फार लांब वाटला. खरं सांगतो, मी घाबरलो. मरायला घाबरलो.

इथं माझ्या खाकरण्याबद्दल सांगायला हवं. रोज सकाळी सहाला मी खोलीबाहेरच्या मोरीवर उभा राहून, आबांच्या पद्धतीनं, जीभ घासत तीनदा खाकरायचो. बोळातल्या लोकांनी आधी सौम्यपणे, मग घरमालकातर्फे, मग लावण्याच्या आजीनं थेट तेलुगूत याबद्दल मला सांगून पाहिलं होतं. बाईंनीही एकदा सांगितलं, "सर, गळ्याचंबी कोपर असतं. आत घ्या." मी चिडून दुसऱ्या दिवशी चौथ्यांदा खाकरलो होतो.

त्या रविवारी मी खाकरलो नाही.

पुढचं मला नंतर कळलं. भिंतीपलीकडं लावण्या उठली, थोडा वेळ बसून राहिली आणि आईला म्हणाली, "सर आज खाकरले न्हाईत."

"बरं झालं की," आई म्हणाली. "रविवार हाय, झोपले असतील."

"रविवारीबी खाकरतात."

"गावाला गेले असतील."

"चप्पल भाईर हाय." आणि मग ती म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, आवाज न्हाय आला तर जाऊन विचारायचं."

तिनं दार वाजवलं. मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण निघालं ते मलाही ऐकू आलं नाही. ती खाली पळाली. लूमवरची माणसं आवाज बदलला की डोळे मिटून कुठला धागा तुटला ते सांगतात. तिच्या वडिलांनी तिचं ऐकून घेतलं, आणखी प्रश्न विचारले नाहीत. लूमवरचे तिघं वर आले आणि कडी उचकटून काढली. त्या अरुंद जिन्यातून मला खाली आणायचं म्हणजे माझी कोपरं मध्ये येत होती, आणि कुणीतरी म्हणत होतं, "सरांचे हात छातीवर बांधा बे!" बोळातल्या प्रत्येक घरानं दाराबाहेरचं काही ना काही उचलून वाट करून दिली. कुणी पिंप, कुणी सायकल, कुणी आजीला.

दवाखान्यात दोन दिवस सलाइन. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत राहिला असता तर कठीण होतं. बाई दुसऱ्या दिवशी आल्या, ताकाची बाटली घेऊन. कॉटच्या कडेला अर्ध्यावर बसल्या. सलाइनच्या हाताकडं बघून म्हणाल्या, "हे कोपर मातुर भाईर ठेवा. आज चालतंय." मी रडलो. त्यांना वाटलं अशक्तपणा आहे. की वाटलं नाही, कोण जाणे.

बुधवारी शाळेत पाऊल टाकलं ते सरळ हेडसरांकडं. म्हटलं, "सर, माझं टिपण परत द्या."

"गेलं की ते," हेडसर म्हणाले. "पीडीएफ केली. परवा मॅडम येतायत."

मॅडम म्हणजे संस्थेच्या शिक्षण समितीच्या. आल्या त्या आधी वर्गात गेल्या. बाईंनी नेहमीसारखी दोरी टाकली, नेहमीसारखी पोरं भरली आणि मॅडमना म्हणाल्या, "तुमी पाहुण्या. या." मॅडम चपला काढून आत गेल्या, मांडी घालून बसल्या, आणि दोन बाजूंनी दोन पोरं एकदम ओरडली, "कोपरं आत, म्याडम!" मॅडम हसल्या, आत घेतली. त्यांना मजा येत होती, हे दिसत होतं. माझ्या जिवात जीव आला.

मग ऑफिसात बसलो. मॅडम, हेडसर, बाई, मी. मॅडमनी फाइल उघडली आणि माझं टिपण मोठ्यानं वाचलं. तीनही पानं. मी लिहिताना मला ते फार वजनदार वाटलं होतं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या गच्चीवर टॉवेलांचे गठ्ठे उन्हात टाकले होते, ते त्या एकेक करून मोजत असाव्यात इतक्या बारकाईनं बघत होत्या.

"मॅडम, हे चुकीचं आहे," मी म्हणालो. "मी मागं घेतो."

"यातलं काय चुकीचं आहे?"

"सगळं."

"मग लिहिलंत तेव्हा?"

"तेव्हा मी आजारी पडलो नव्हतो."

हे उत्तर मी आजवर दिलेल्या उत्तरांत सगळ्यात खरं आहे, पण कार्यालयात त्याचा उपयोग होत नाही. तरी मी खाकरण्याची सगळी हकिकत सांगितली. मॅडमनी ऐकून घेतली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे सगळं मला पटतंय. पण टिपणावर समितीत वर्ग काढून घ्यायचा ठराव झालाय. तो फिरवायचा तर चौकशी लावावी लागेल, आणि चौकशी उघडी असताना निवृत्ती आली की बाईंचे पेन्शनचे कागद वर्षभर अडकतात. मला ते नको वाटतं." त्या बाईंकडं वळल्या. "बाई, तुम्ही सांगा."

"तांदळाच्या खोलीत वारा येतो," बाई म्हणाल्या. "चालतंय की."

बाहेर पॅसेजमध्ये मी त्यांना गाठलं. "बाई, ते मी लिहिलं. तुमचा वर्ग मिळावा म्हणून लिहिलं. मला माफ करा."

त्या दोरी गुंडाळत होत्या, अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर. "काय म्हणालात सर? शेजारी लूम चालू हायत. मला काय ऐकू आलं न्हाय."

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. सबंध भागात एकही लूम चालू नव्हता.

जूनमध्ये चौथी माझ्याकडं आली. बाई तांदळाच्या खोलीत गेल्या. दोन्हींच्या मध्ये प्लायवूडची भिंत. मी काय शिकवतो, कुठं अडखळतो, कुणावर उगाच ओरडतो, सगळं पलीकडं जात असणार. पण दुपारी भाकरी खाताना त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही की सुचवलं नाही. मीच विचारलं तर म्हणायच्या, "आज काय घेतलं तुमी? मी वह्या लिहीत होते." मला कधी कधी वाटायचं, यापेक्षा पट्टी परवडली.

तो धडा आला तेव्हा मी त्यांच्याकडं दोरी मागायला गेलो. दोरीनं त्यांनी तांदळाची पोती बांधली होती. "ही माझी सोताची हाय. शाळेची न्हाय," त्या म्हणाल्या. "वर्ग घेतलाय, तर दोरीबी तुमची तुमी आणा."

मी आणली, तशीच निळी. पण मोजायची कशी? शाळेची टेप हेडसरांच्या कपाटात, कपाटाची किल्ली हेडसरांकडं, हेडसर मीटिंगला. आबा बांध मोजतात तशी मी मोजली. चार ढांगांचे दहा फूट होतात, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. चार ढांगा, गाठ. चार ढांगा, गाठ.

दुसऱ्या दिवशी चार पोरांनी चार गाठी धरल्या. आजा, आजी, आई, बाप, काका, काकू, तीन लेकरं आत घातली. दप्तरांची पिंपं, डस्टरची शेगडी, परीक्षेचं पोरगं. "आता झोपा," मी म्हणालो, आणि भांडणाची वाट बघत उभा राहिलो.

भांडण झालंच नाही. आजा दाराजवळ पडला, काका त्याच्या पलीकडं, मधून जायला वाट राहिली. परीक्षेच्या पोराला कोपऱ्यात बसायला जागा झाली. सगळे झोपले तरी एक मोठा तुकडा रिकामाच होता. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. आजी झालेली पोरगी हळूच म्हणाली, "सर, तुमचं घर मोटं झालंय." माझ्या गाठी चुकल्या होत्या. आबांची ढांग आबांच्याच उंचीची, माझी त्याहून लांब. खोली बारा फुटांवर गेली होती, थोडी वरच. आता काय करावं, दोरी आवळावी का, हा विचार करेपर्यंत एका पोरानं हात पसरले. मग दुसऱ्यानं. बघता बघता नऊच्या नऊ पोरं हातपाय ताणून, डोळे मिटून पडली. बाहेरचे 'शेजारी' उठून एकेक करून आत आले आणि तेही जागा करून पडले. कुणी बोलेना. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मीही गप्प उभा, हातात पुस्तक, पुढं काय शिकवायचं ते काही सुचत नव्हतं.

पलीकडं पत्र्याचा डबा खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग चपला. बाई धावतच दारात आल्या, हाताला तांदळाची भुकटी, एक खांदा पुढं.

"काय झालं सर?" त्यांना धाप लागली होती. "आवाज का न्हाय?"

मी नुसतं खाली दाखवलं. बाईंनी बघितलं. दोरी बघितली, गाठी बघितल्या. दोन वर्षं ओळखत होतो, पण त्यांचा चेहरा असा सैल पडलेला मी पाहिला नव्हता.

"ही मोजली कुणी?"

"मी."

"दिसतंय की." मग त्यांनी पोरांकडं बघून तोंड उघडलं. "कोपरं..." एवढंच म्हणाल्या, आणि थांबल्या.

चपला दाराशी काढून त्या आत आल्या. दोरी ओलांडली. दाराजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात फरशीवर बसल्या, पूर्ण बसल्या, आणि भिंतीला टेकून दोन्ही पाय लांब केले. त्यांच्या शेजारच्या पोरानं डोळे न उघडताच सरकून आणखी जागा दिली.

तास संपल्याची घंटा झाली. एकही पोरगं हललं नाही. मी बाईंकडं बघितलं.

"काय बघताय सर?" त्या डोळे मिटून म्हणाल्या. "मला काय ऐकू आलं न्हाय."